चढ पाठ झाला, उतार राहिला

प्रश्न :

ताई, मी ४१ वर्षांची आहे, नोकरी करते. पाच वर्षांपूर्वी सायकल हातात घेतली आणि यंदा इटलीतल्या माराटोना द्लेस दोलोमितेस या डोंगरातल्या सायकल शर्यतीच्या सोडतीत माझा, दिराचा आणि त्याच्या मित्राचा, असे तिघांचे नंबर लागले. शर्यत जुलैच्या पहिल्या रविवारी आहे, हातात चार महिने आहेत. वजन ६० किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद) १९० वॅट. आठवड्यातले चार दिवस घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) आणि एखाद्या रविवारी बाहेर, तेही बहुतेक एकटीच. दीर म्हणतो, १३८ किलोमीटरचा मोठाच मार्ग करायचा, तिघांनी बरोबर राहायचं आणि बरोबरच संपवायचं.

मोठा मार्ग मला झेपेल का? सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? (माझी डिस्क ब्रेकची आहे, गिअरचे दाते पुढे ५०-३४, मागे ११-२८.) आणि एवढा खर्च करून शेवटच्या हजारात यायचं, याला शर्यत म्हणायचं का? घरात कोणी काही बोलत नाही, मलाच वाटतं.

ता.क. दोन वर्षांपूर्वी ओल्या वळणावर घसरून माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आता ठीक आहे. उतारावर मी जरा ब्रेक धरूनच असते, पण चढावर वेळ भरून काढते.

– एकटी चढणारी

उत्तर :

तीन प्रश्न तुम्ही वर लिहिलेत आणि चौथा ताजा कलमात घडी घालून ठेवलात. मी हे सदर लिहायला लागल्यापासून एक शिकले आहे, ताजा कलम आधी वाचायचा. तुमचं पत्र मी तिथूनच वाचलं आणि उत्तरही तिथूनच सुरू करते, कारण वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या दोन ओळींवर अवलंबून आहेत.

तुमचे पाय तयार आहेत. वजनाच्या किलोमागे ३ वॅटच्या वर एफटीपी ही दिवसभर घाट चढायला चांगली शिदोरी आहे, आणि चार महिन्यांत ती वाढेलही. पण ही सगळी तयारी एका खोलीत, एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर झाली आहे. ट्रेनरला वळण नसतं. त्याला उतार नसतो, शेजारून घासून जाणारं हँडल नसतं, ओला रस्ता नसतो. म्हणजे ज्या एका गोष्टीने तुम्हाला एकदा जमिनीवर आणलं, नेमकी तीच गोष्ट तुमच्या सरावातून दोन वर्षं अलगद गळून पडली. हे तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. भीती फार हुशार असते, ती 'आज वेळ कमी आहे, ट्रेनरवरच बसू' असं रूप घेऊन येते. मला हे कळतं, कारण मीही एका पडण्यानंतर तीन वर्षं 'मला चढच आवडतो' असं सगळ्यांना सांगत फिरत होते.

आता तो मार्ग डोळ्यांसमोर आणा. पहाटे साडेसहाला ला विल्लातून सुटायचं, कोर्वारा गाठून काम्पोलोंगो खिंड चढायची आणि पलीकडे अराब्बाला उतरायचं. मग पोर्दोई, अराब्बाकडून ३३ हेअरपिन वळणं, माथा २,२३९ मीटर. मग सेल्ला, मग गार्देना, आणि परत कोर्वारा. एवढं ५५ किलोमीटरचं वर्तुळ झालं, तिथे थांबलं तर लहान मार्ग पूर्ण. पुढे जायचं तर काम्पोलोंगो दुसऱ्यांदा, पुन्हा अराब्बा, मग चेर्नादोईजवळ फाटा. मधल्या मार्गाचे लोक तिथून सरळ फाल्त्सारेगो आणि वाल्पारोलाकडे वळतात, त्यांचे १०६ किलोमीटर आणि ३,१३० मीटर चढाई होते. मोठ्या मार्गाचे लोक जाऊ खिंडीकडे जातात आणि मग फाल्त्सारेगोला येतात. त्यांचे १३८ किलोमीटर आणि ४,२३० मीटर.

यातली प्रत्येक खिंड जितक्या वेळा चढायची तितक्या वेळा उतरायचीही आहे, काम्पोलोंगो तर दोनदा. फाल्त्सारेगो आणि वाल्पारोला जोडून आहेत, ती एकच उतरण धरली तरी मधल्या मार्गावर सहा मोठ्या उतरणी होतात, मोठ्या मार्गावर सात. आणि सगळ्यात अवघड कुठली? माझ्या मते पहिलीच, काम्पोलोंगोहून अराब्बाची. ती तीव्र नाही. पण तिथे तुमच्या आजूबाजूला काही हजार सायकली असतात, पहाटेचा गारठा असतो, सगळ्यांच्या अंगात सकाळची घाई असते आणि गर्दी अजून पांगलेली नसते. जी बाई पाच वर्षं एकटी चालवते, तिची खरी परीक्षा तिथे आहे. जाऊ खिंडीची वेळ बरीच नंतरची.

'ब्रेक धरून उतरते, चढावर भरून काढते' हा हिशेब एका घाटाला चालतो, सहाला नाही. वेळेचं सोडा, त्यात मिनिटंच जातात. ब्रेकचं बघा. तुम्ही आणि सायकल मिळून ७० किलो धरू. ६०० मीटर खाली येताना जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते, तेवढीत सव्वा लिटर पाणी उकळेल. वेगात उतरणाऱ्याची बरीचशी ऊर्जा समोरची हवा खाते. ताशी २५ ने सतत ब्रेक दाबून उतरलात, तर हवा जेमतेम पाचवा हिस्सा घेते आणि बाकी सगळी ब्रेकच्या चकत्यांत जाते. म्हणजे जो भीतीने सावकाश उतरतो त्याचेच ब्रेक सर्वाधिक तापतात, त्याचीच बोटं आखडतात आणि चौथ्या उतरणीवर त्याच्याच हातात नेमकी ताकद उरत नाही. शिवाय मागून येणाऱ्याला तुमचा अंदाज लागत नाही. सावकाश जाण्यात गैर काही नाही. मात्र सतत अर्धवट ब्रेक धरून सावकाश जाणं वेगळं आणि सरळ भागात मोकळं सोडून वळणाआधी ठाम ब्रेक लावून सावकाश जाणं वेगळं. दुसरं तुम्हाला शिकायचं आहे.

कसं? ट्रेनरचे चार दिवस दोन करा. उरलेल्या दोनपैकी एक दिवस फक्त उताराचा. पाच-सहा वळणांचा, चांगल्या डांबराचा, कमी रहदारीचा एकच तुकडा निवडा आणि सकाळी लवकर जाऊन तोच आठ-दहा वेळा उतरा. वर जाताना निवांत, गप्पा मारत चढा. त्या दिवशी चढण्याचं काही कौतुक नाही. पहिले दोन आठवडे वेग बघूच नका, सायकलवरचा स्क्रीन झाकून टाका. हात हँडलच्या खालच्या वाकात, एक किंवा दोन बोटं लिव्हरवर, कोपर सैल. मोठा ब्रेक वळणात शिरण्याआधी, सायकल सरळ असताना, पुढचा आणि मागचा दोन्ही. वळणात बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि सगळा भार त्या पायावर. आणि नजर. वळण जिथे संपतं तिथे नजर हवी. घाबरलेला माणूस कठड्याकडे बघतो, आणि सायकल नजरेमागे जाते. तुमचं हाड मोडलं त्या दिवशी तुम्ही कुठे बघत होता हे आठवून पाहा, उत्तर बहुधा तेच निघेल. उघड्या रस्त्यावर सराव करताना आपली बाजू सोडून पलीकडे जायचं नाही, मग वळणाची रेषा कितीही मोहात पाडो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा मुद्दाम ओल्या रस्त्यावर जा. वेग निम्मा, ब्रेक लवकर, सायकल कमी कलती. रंगवलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळायची. ज्या ओल्या रस्त्याने पाडलं त्याची भेट दोलोमितेसमध्येच पहिल्यांदा व्हायला नको. त्या डोंगरांत जुलैतही दुपारी पाऊस येतो.

टायरमध्ये खूप हवा भरायची सवय असेल तर तीही सोडा. २८ मिलिमीटरच्या टायरला तुमच्या वजनाला ६०-६५ पीएसआयच्या आसपास पुरते, टणक टायर वळणात रस्ता सोडतं.

दुसरा दिवस माणसांचा. दर रविवारी दीर आणि त्याच्या मित्राबरोबर निघा, शक्य असेल तर मोठ्या घोळक्यात. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी आपलं पुढचं चाक नेऊन ठेवायचं नाही, ही एक गोष्ट अंगात मुरली तरी निम्मे अपघात टळतात. तो जरा हलला की पडणारे तुम्ही असता, तो नाही. आपली रेषा सोडायची नाही, अचानक ब्रेक लावायचा नाही, मागे वळून बघताना हँडल वळू द्यायचं नाही, बाटली काढताना-ठेवताना सरळ जाता आलं पाहिजे. खड्डा दिसला तर हाताने दाखवायचा. तिथे मागून 'सिनिस्त्रा!' ऐकू आलं की कोणीतरी डावीकडून येतंय, 'देस्त्रा!' म्हणजे उजवीकडून. 'ओक्यो!' म्हणजे लक्ष ठेवा. बाकी इटालियन नंतर शिकलात तरी चालेल. सपाटीवर कुणाच्या चाकामागे बसलं की बरीच ताकद वाचते, जिथे सपाट तुकडा मिळेल तिथे ती वाचवा. उतारावर मात्र कुणाच्याही चाकामागे जाऊ नका, विशेषतः दिराच्या. आपल्यापेक्षा चांगलं उतरणाऱ्याच्या मागे लागणं हा नवशिक्यांना हमखास पाडणारा मोह आहे. त्याचा वेग त्याच्या कौशल्याचा असतो आणि तो तुम्ही उसना घेत असता.

आता मोठा की मधला. मी तुमच्या जागी असते तर यंदा १०६. ताकदीचं कारण दुय्यम आहे, तरी तेही मांडते. दिवसभर टिकेल अशी तुमची चाल १४० वॅटच्या आसपास धरा. त्यात सुरुवातीला तासाला साधारण ६५० मीटर उंची जमेल आणि पुढे ६०० च्या आसपास उतरेल. ३,१३० मीटरला पाच तास, उतार-सपाटी पावणेदोन ते दोन तास, थांबे धरून सात-साडेसात तास. मोठ्या मार्गाला हाच हिशेब साडेनऊ-दहा तासांवर जातो. आणि वाटेत वेळेच्या मर्यादा असतात, वेळ संपली की मोठ्या मार्गाचा फाटा तुमच्यासाठी बंद. मर्यादेच्या आत बसायची घाई म्हणजे उतारावर घाई, आणि तुम्हाला यंदा सगळं परवडेल पण ते परवडणार नाही.

मात्र एक सोय आहे, बहुतेकांना ती नोंदणी करताना लक्षात येत नाही. कुठला मार्ग घ्यायचा हे रस्त्यावरच ठरवता येतं. त्यामुळे आज दिराशी भांडायची गरज नाही. फाट्यावर पोहोचल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारा. हाताची बोटं कशी आहेत? आणि मागच्या उतरणीवर मी वळण संपतं तिथे बघत होते की कठड्याकडे? दोन्हीची उत्तरं चांगली असतील, वेळ हाताशी असेल, आणि तरी मन ओढत असेल, तर खुशाल जाऊकडे वळा. (आपल्याकडे जाऊ म्हटलं की चहाला बसून सासूबद्दल बोलायची सोबतीण. ही जाऊ मात्र सासूच आहे.)

तिची आकडेवारी सांगते, कारण तुमच्या गिअरचा प्रश्न तिथेच सुटतो. लांबी ९.९ किलोमीटर, सरासरी चढ ९.३ टक्के, मध्ये श्वास घ्यायला सपाट तुकडा जवळपास नाहीच. तुमच्या सध्याच्या ३४ बाय २८ वर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या ठेवायच्या तर ताशी ९ किलोमीटरच्या वर जावं लागेल, त्याला १८० वॅट लागतील. म्हणजे आधीचे सगळे घाट चढून आल्यावर तासभर एफटीपीच्या काठावर. ते होणार नाही, मग फेऱ्या पन्नासच्या खाली येतील आणि गुडघे बोलायला लागतील. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बसवली की त्याच ६० फेऱ्या १४५ वॅटमध्ये येतात. मधल्या मार्गालाही हा बदल हवाच. तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाते पेलतो का ते आधी मेकॅनिकला विचारा, नसेल पेलत तर डिरेलरही बदला, लांब चेनही. हा खर्च टाळू नका. हलकी चाकं घ्यायचा मोह झाला तर ते पैसे इकडे वळवा.

मधल्या मार्गालाही शेवटी एक चिमटा आहे. वाल्पारोलावरून ला विल्लाला उतरलात की शर्यत संपली असं वाटतं, आणि तेवढ्यात समोर म्यूर दल जात येते. लादिन भाषेत मांजराची भिंत. छोटीशी आहे, पण १९ टक्के चढ. तिच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाकून ठेवा, मध्यावर गिअर बदलायला गेलेल्यांच्या चेन तिथे पडलेल्या मी बघितल्या आहेत. त्यानंतर कोर्वारापर्यंत काही किलोमीटर उरतात.

सायकल आपलीच न्या. एरवी मी भाड्याच्या बाजूने बोलले असते, खोक्याची उस्तवार कोणाला हवी असते? पण तुमची भीती उतारावरची आहे, आणि अनोळखी सायकलवर भीती दुप्पट होते. युरोपात साधारणपणे डावा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो. तुमची सवय उलटी असेल तर घाबरलेल्या क्षणी हात जुन्याच सवयीने दाबला जातो. तिथे गेल्यावर काही कारणाने भाड्याची घ्यावीच लागली, तर चढण्याआधी उभ्या उभ्या दोन्ही लिव्हर दाबून कुठला कुठे आहे ते बघा, आणि आपली सीट व पेडल मात्र बरोबर असू द्या.

खोक्यात भरताना सीटपोस्टच्या उंचीवर टेपची खूण करा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा. मागचा डिरेलर सोडवून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीच्या) आतल्या बाजूला गुंडाळून बांधा, कारण प्रवासात वाकतो तो त्याचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा. तुमच्या फ्रेमचा एक जास्तीचा हँगर बरोबर ठेवाच, तो तुकडा परदेशातल्या दुकानात अचूक मिळेल याचा भरवसा नाही. चाकं काढलीत की ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, नाहीतर कोणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येऊन अडकतात. चकत्या काढून कपड्यांत गुंडाळल्या तर उत्तम. सुटी लिथियम बॅटरी केबिनच्या पिशवीत, खोक्यात नाही. गॅसच्या नळकांड्या नेऊ नका, तिथे विकत घ्या.

खोकं विमानतळावर हातात पडलं की तिथेच उघडा. मोडतोड दिसली तर बाहेर पडण्याआधी काउंटरवर नोंदवा. माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत जावी लागते. तुमच्यासारखे लोक तीन दिवस तिथे शर्यतीच्या धांदलीत असतात, आणि मग घरी येऊन आठव्या दिवशी पत्र लिहितात. भरपाईला मर्यादा असते, सायकल त्याहून महाग असेल तर विमान कंपनीकडे आधीच जादा मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरता येतं किंवा वेगळा विमा घेता येतो.

विम्यावरून आठवलं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो तुम्ही घ्यालच. पण त्या पॉलिसीची वगळणुकीची पानं वाचा. कित्येक प्रवास-विम्यांत वेळ मोजली जाणारी किंवा स्पर्धात्मक शर्यत वगळलेली असते. म्हणजे ज्या एका दिवसासाठी विमा हवा तोच दिवस बाहेर! कंपनीला ईमेल करून लेखी होकार घ्या, डोंगरातून हेलिकॉप्टरने आणायचा खर्च धरला आहे का तेही विचारा. इटलीत आपत्कालीन क्रमांक ११२. वैद्यकीय प्रमाणपत्र आयोजकांच्याच नमुन्यावर, डॉक्टरांच्या शिक्क्यासह हवं असतं, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही चार महिन्यांवर आहात, हे वाचून झालं की तारीख घ्या.

औषधांचं एकच सांगते. हौशी शर्यतीतही उत्तेजक चाचणी होऊ शकते, आणि नाक चोंदल्यावर घेतात त्या साध्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असू शकतं, ते शर्यतीच्या दिवशी ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाही. वेदनाशामक ट्रॅमाडॉल २०२४ पासून स्पर्धेदरम्यान निषिद्ध आहे. खांद्यासाठी काही घेत असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

थंडी मी जास्त वेळ सांगणार आहे, कारण तिथे मी स्वतः फसले. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. चढताना घामाने भिजलेलं अंग आणि मग ताशी ४० चा वारा. मी पहिल्यांदा त्या भागात गेले तेव्हा पोर्दोईच्या माथ्यावर दोन मिनिटं वाचवायला जाकीट घातलं नाही. अर्ध्या उतरणीवर बोटं गेली. लिव्हर दाबतोय की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं! शेवटी एका खानावळीच्या शेगडीपुढे पंधरा मिनिटं हात धरून बसले. २०२१ च्या जिरो द'इताल्यामध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या व्यावसायिक शर्यतीत, कोलंबियाचा एगान बेर्नाल याच जाऊ खिंडीवरून भर गारठ्यात कोर्तिनाला उतरला आणि अंतिम रेषेच्या जरा आधी जाकीट काढून त्याने आघाडीवरच्या सायकलपटूची गुलाबी जर्सी दाखवली. लोकांना जर्सी आठवते, मला जाकीट आठवतं. शर्यत जिंकायला निघालेल्या माणसानेही ते घातलं होतं. तेव्हा प्रत्येक माथ्यावर, ऊन असलं तरी, थांबून विंडचीटर घाला आणि त्याची चेन गळ्यापर्यंत ओढा. पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे मागच्या खिशात. तुमच्यासारख्या उताराला भिणाऱ्या माणसाला गरम बोटं कुठल्याही कॅसेटपेक्षा जास्त कामाची.

२,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. ट्रेनरवरचे १४० वॅट तिथे १४० पेक्षा जड लागतील. चार-पाच दिवस आधी पोहोचा. गुरुवारी गार्देना उतरून बघा आणि मग पाय वर करून बसा. तिथे वाहतूक उजवीकडून असते, सरावाच्या दिवशी रस्ते उघडे असतात हे विसरू नका. बंद असतात ते फक्त शर्यतीच्या दिवशी. शेवटच्या दोन आठवड्यांत किलोमीटर निम्म्यावर आणा, जोर तसाच ठेवा. शर्यतीत पहिल्या अर्ध्या तासापासूनच खायला सुरुवात करा, तासाला ६० ग्रॅमच्या पुढे कर्बोदकं, आणि जे पोटाला आधीपासून ओळखीचं आहे तेच.

आता शेवटच्या हजाराचं. १९८७ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा १६६ जण उतरले होते, म्हणजे त्या वर्षी पहिला आलेलाही शेवटच्या हजारातच होता! आज काही हजार लोक असतात आणि त्यातले पुढचे शंभर-दोनशे सोडले तर कुणीही कुणाशी स्पर्धा करत नाही. ज्यांना वयोगटातला क्रमांक खरंच हवा असतो त्यांच्यासाठी यूसीआयची (जागतिक सायकलिंग संघटनेची) ग्रान फोंदो, म्हणजे हौशींच्या लांब शर्यतींची, मालिका आहे, तिथून जागतिक अजिंक्यपदाला पात्र ठरता येतं आणि तिथे हौशी विजेत्यालाही विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी मिळते. दोन वर्षांनी तुम्हाला त्याची ओढ लागली तर मला आश्चर्य वाटणार नाही. यंदा तुमची शर्यत घड्याळाशी आहे आणि त्याहून जास्त त्या ओल्या वळणाशी. याला शर्यत म्हणायचं का असं विचारता, तर हो, म्हणायचं. क्रमांक काय आला हे घरात विचारलं तर सांगून टाका, त्यांना तो दुसऱ्या दिवशी आठवणारही नाही.

राहिला दीर. तिघांनी बरोबर संपवायचं हा बेत ऐकायला गोड आहे. चढावर तुम्ही त्यांच्यासाठी थांबणार, अंग गार पडणार. उतारावर ते तुमच्यासाठी थांबणार, आणि ते थांबलेत या ओझ्याने तुम्ही ब्रेक सोडणार. यातला दुसरा भाग मला नको आहे. सुटताना बरोबर सुटा आणि ठरवून टाका की कोर्वाराच्या अंतिम रेषेपलीकडे अमुक खांबापाशी भेटायचं. मधे कुणी कुणासाठी थांबणार नाही, अडचण आली तरच फोन.

त्यासाठी त्याला ता.क. मधलं सांगावं लागेल. तुमच्या पत्रावरून दिसतं की हाड मोडल्याचं त्याला माहीत असेल, भीतीचं नसेल. पुढच्या रविवारी, घाटाच्या माथ्यावर, उतरायला सुरुवात करण्याआधी सांगा. आणि मग त्याला पुढे जाऊ द्या.